पेठेतला घरचा केक आणि पाहुणचाराचे बदललेले वेळापत्रक

पुण्यातल्या एखाद्या घरी आज संध्याकाळी सहा-आठ पाहुणे यायचे असले, तर आदल्या रात्रीच एक केक भाजून झाकून ठेवलेला असतो, फ्रिजमध्ये कस्टर्डचे पातेले गार होत असते, ढोकळ्याचे पीठ आंबून तयार असते आणि पाहुणे आल्यावर घरातली मंडळी त्यांच्याबरोबर बैठकीच्या खोलीत निवांत बसू शकतात. यात आता कोणाला नवल वाटत नाही. मात्र शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पाहुणचाराचा सगळा भर नेमक्या उलट गोष्टीवर, म्हणजे पानात गरम वाढण्यावर होता. पुरी कढईतून थेट पानात यायची, भजी तळता तळता वाढली जायची, आयत्या वेळी आलेल्यांसाठी पोहे भिजवले जायचे किंवा शिऱ्याचा रवा भाजायला घेतला जायचा, आणि ज्या बाईच्या हातचे कौतुक बाहेर चाललेले असे ती ते माजघराच्या दारातून ऐकत असे. केक पुण्याच्या मराठी घरांत रुजला तो परदेशी मिठाईची हौस म्हणून कमी, आदल्या दिवशी उरकून ठेवता येणारे काम म्हणून अधिक, असे माझे मत आहे. तो रुजायला इतका काळ का लागला, याची ही पार्श्वभूमी.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, पेशवाईचा शेवट जवळ आला आणि शहराच्या पूर्वेला इंग्रजांची छावणी वसली. तिलाच पुणेकर पुढे लष्कर आणि नंतर कँप म्हणू लागले. गोऱ्या सैन्याबरोबर पाव, बिस्किटे आणि केक आले आणि त्यांच्या भट्ट्या चालवणारे पारशी, इराणी, गोवेकर व मुसलमान कारागीरही आले. दोराबजींचे उपाहारगृह १८७८ पासूनचे. ईस्ट स्ट्रीटवरची कयानी बेकरी त्यामानाने अलीकडची, १९५५ ची, आणि तिच्या ज्या श्रूजबरी बिस्किटांचे खोके बाहेरगावचे पाहुणे आजही परतताना घेऊन जातात, त्यांचे नाव इंग्लंडातल्या एका गावाचे आहे. कँपपासून शनिवार किंवा सदाशिव पेठ चालत तासाभराच्या अंतरावर. परंतु स्वयंपाकघराच्या हिशेबाने हे अंतर ओलांडायला दीड शतक लागले.

हे अंतर किती खरे होते, ते १८९० च्या ऑक्टोबरात दिसले. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे यजमान, यांनी पुण्यातल्या नामांकित मंडळींना पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानासाठी बोलावले. व्याख्यानानंतर चहा आणि बिस्किटे पुढे आली. काहींनी घेतली, काहींनी कपाला नुसता हात लावला, आणि लवकरच हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ या पत्रात छापून आली. टिळक आणि रानडे या दोघांचीही नावे त्या यादीत होती. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशीसाठी मंडळ नेमले गेले, ग्रामण्य (जातिबहिष्काराचा वाद) झाले. काशीला आपण प्रायश्चित्त घेतले असल्याचे टिळकांनी सांगितले, तर रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. हे प्रकरण समाजसुधारणेच्या इतिहासात नेहमी येते. पाहुणचाराच्या इतिहासातही त्याला जागा द्यायला हवी, कारण दुसऱ्याच्या भट्टीत भाजलेले पीठ खाणे ही बाब त्या काळी किती जड होती, हे त्याइतके उघडपणे दुसरे काही सांगत नाही. ज्या शहरात एका बिस्किटाने दोन वर्षे वाद पेटता राहिला, तिथे अंडे घातलेला केक पाहुण्यांपुढे ठेवण्याची गोष्टच नको.

मराठी स्वयंपाकाला भाजून फुगवण्याची कल्पना अगदीच अनोळखी मात्र नव्हती. कोकणातून आलेल्या घरांत धोंडस होत असे: जून काकडी किसायची, तिच्याच पाण्यात तांदळाच्या कण्या किंवा रवा शिजवायचा, गूळ आणि खोबरे घालायचे, जाड बुडाच्या पातेल्यात ते मिश्रण थापायचे, वर झाकण ठेवून झाकणावर निखारे पसरायचे. खालून मंद आच आणि वरून निखारे, म्हणजे ओव्हन म्हणून जे विकत मिळते त्याचे काम. धोंडस दुसऱ्या दिवशी अधिक चांगला लागतो आणि सुरीने वड्या पाडून देता येतो. केकचे हे सगे भावंड घरातच होते. तरी ते घरच्यांच्या न्याहारीपुरते राहिले, पाहुण्यांच्या पानापर्यंत फारसे पोहोचले नाही.

पेठेला खरा ओव्हन मिळाला तो गल्लीच्या तोंडाशी असलेल्या बेकरीचा. दिवाळीच्या आधी आणि मे महिन्याच्या सुट्टीत मैदा, रवा, पिठीसाखर आणि तूप घरून तोलून न्यायचे, बेकरीत रांगेत बसायचे आणि नानकटाई किंवा बिस्किटे भाजून घ्यायची, ही पद्धत आज साठी-सत्तरीत असलेल्या बहुतेक पुणेकरांच्या आठवणीत आहे. तूप आपले, पीठ आपले, मळणारे हात त्यांचे. मुलाला डब्याशेजारी बसवून ठेवत, ते आपले तूप दुसऱ्याच्या परातीत जाऊ नये यासाठी. पत्र्याचे काळे ट्रे लांब दांड्याच्या फावड्याने भट्टीत सरकत, बाहेर आल्यावर बिस्किटे निवेपर्यंत थांबावे लागे, कारण गरम बिस्किटे डब्यात भरली की वाफ धरून मऊ पडतात. तोवर फुटलेल्या तुकड्यांवर बरोबर आलेल्या मुलांचा हक्क. या रांगेने एक मोठे काम केले. भट्टी परकी असली तरी तिच्यातून निघणारा जिन्नस घरचा मानायला लोक शिकले, आणि तो डबा पुढचे महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चहाबरोबर उघडला जाऊ लागला. आधी करून ठेवलेली, पाहुण्यांपुढे नुसती काढून द्यायची गोड वस्तू या रूपाने रूढ झाली, असे म्हणता येईल. अर्थात लाडू-चिवड्याचा डबा तिच्याही आधीचा, पण तो सणाचा होता.

अंड्याचा प्रश्न सुटला तो रसायनाने. केकमध्ये अंडे हवा धरून ठेवते, पीठ बांधते आणि ओलावा देते. खाण्याच्या सोड्याला आंबट काही मिळाले की कर्बवायू सुटतो आणि हवा धरण्याचे काम बरेचसे भागते. दह्यात तो आंबटपणा आणि ओलावा दोन्ही असतात. म्हणूनच सोडा अगदी शेवटी घालायचा आणि घातल्यावर पीठ ताटकळत ठेवायचे नाही, कारण वायू निघून गेला की केक बसतो. बेकिंग पावडरीत सोड्याबरोबर कोरडे आम्ल आधीच मिसळलेले असते. ती १८४३ मध्ये बनवणारा बर्मिंगहॅमचा औषधविक्रेता आल्फ्रेड बर्ड याने त्याआधी १८३७ मध्ये अंडे नसलेली कस्टर्ड पावडर तयार केली होती, आणि दोन्हींचे कारण घरगुती होते: त्याच्या पत्नीला अंडी आणि यीस्ट सोसत नसत. एका इंग्रज बाईचे पथ्य सदाशिव पेठेच्या सोवळ्याला असे चपखल बसावे, ही गंमतच म्हणायची. वीकफील्ड ही कस्टर्ड व बेकिंग पावडर बनवणारी कंपनी तर १९५६ मध्ये पुण्यातच निघाली, आणि तिचे डबे वाण्याकडे मिळू लागले. कंडेन्स्ड मिल्कचा देशी डबा साठच्या दशकात आला आणि बिनअंड्याच्या केकला दह्याखेरीज दुसरा आधार मिळाला.

जिन्नस मिळाले तरी भाजायचे कशात, हा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर घरांच्या रचनेत सापडते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, नदीकाठच्या पेठांतले अनेक वाडे वाहून गेले किंवा राहण्याजोगे उरले नाहीत, आणि सहकारनगर, गोखलेनगर अशा भागांत पूरग्रस्तांच्या वसाहती उभ्या राहिल्या. वाड्यातल्या बसून करायच्या चुलीच्या जागी तिथे उभ्याने काम करायचा ओटा आला. पुढे सहकारी सोसायट्यांच्या फ्लॅटमध्ये ओट्यालगत जेवणाचे टेबल आले, आणि सोवळ्याचा स्वयंपाक वेगळा राखण्याइतकी जागाच राहिली नाही. वातीचा स्टोव्ह होताच. गॅससाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, तो हळूहळू आला. प्रेशर कुकर १९५९ पासून भारतात बनू लागला होता. त्याची शिट्टी आणि रिंग काढायची, तळाशी दोन वाट्या वाळू पसरायची, वाळू तापली की केकचा डबा आत ठेवायचा आणि मंद आचेवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटे विसरायचे, ही युक्ती कोणी काढली याची नोंद नाही, पण ती घरोघरी पोहोचली. पाण्याशिवाय तापून जुना कुकर आतून काळवंडे आणि मग तो केकचाच होऊन बसे.

ज्यांना परवडे त्यांच्याकडे अ‍ॅल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन असे. त्याच्या झाकणात काचेची गोल खिडकी असे आणि तिच्यातून केक फुगताना पाहायला आळीतली मुले जमत. आच कमी-जास्त करायची सोय नव्हती. पिन घालायची किंवा काढायची, एवढेच. भांड्याच्या तळाला वर्तमानपत्राचा गोल कापून त्याला तूप माखायचे, मैदा भुरभुरवून भांडे उलटे आपटायचे, आणि केक झाला की नाही हे पाहायला विणायची सुई टोचायची. सुई कोरडी निघाली तर झाला. आमच्या घरची ती सुई दहा नंबरची होती, तिची जोडीदार हरवल्यामुळे स्वेटरच्या कामातून सुटलेली, आणि ती चमच्यांच्या डब्यात राहत असे.

मापांचा अडथळा पुस्तकांनी दूर केला. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० मध्ये निघाले, आणि त्यातले प्रमाण वाटी-चमच्यात असल्यामुळे नवख्या हातालाही धीर आला. केकला याची विशेष गरज होती. आमटीत अंदाज चालतो; सोडा अंदाजाने घातला तर केक कडू तरी होतो किंवा मधोमध खचतो. पेठेतल्या घरांत जो केक सर्वाधिक झाला तो रव्याचा, आणि त्याचे गणित एकदा पाठ झाले की पुस्तक उघडावे लागत नाही: दोन वाट्या बारीक रवा, एक वाटी साखर, एक वाटी दही, अर्धी वाटी पातळ केलेले तूप आणि लागेल तसे दूध, असे कालवून अर्धा तास झाकून ठेवायचे, म्हणजे रवा फुलतो, भाजायला ठेवताना एक चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा सोडा. व्हॅनिला नसेल तर वेलची-जायफळ. शिऱ्याचेच जिन्नस, पण शिरा गरम खावा लागतो आणि हा तीन दिवस टिकतो.

सोप्या पाहुणचाराच्या बाकीच्या पदार्थांची निवडही याच कसोटीवर झाली. हळदीकुंकवाला चैत्रात कैरीची डाळ आणि पन्हे देण्याची जुनी रीत मुळातच आधी करून ठेवण्याची होती. सत्तर-ऐंशीच्या दशकांत नोकरी करणाऱ्या स्त्रिया वाढल्या, भिशीचे गट जमले, आणि महिन्यातून एकदा दहा-बारा जणींना खाऊ घालायची वेळ प्रत्येकीवर येऊ लागली. तेव्हा इडली-सांबार, रगडा-पॅटिस, पाव-भाजी, सँडविच ढोकळा, खाऱ्या बिस्किटांवर चीज आणि टोमॅटोची चकती, असे जिन्नस पुढे आले. यांतले बरेचसे आदल्या दिवशी अर्धे-निम्मे तयार करता येतात, आणि पाव-भाजी तर गरम केल्यावर अधिक मुरते. पुरणपोळी भिशीला कधी फार आली नाही. फ्रूट कस्टर्ड मात्र हटकून असे: अर्धा लिटर दुधाला दोन मोठे चमचे पावडर, ती आधी गार दुधात कालवायची, नाहीतर गुठळ्या होतात, केळी, सफरचंद आणि डाळिंब चालते, संत्रे-अननस घातले की दूध नासण्याची भीती. काही घरांत प्रत्येकीने एकेक पदार्थ आणायचा, असेही ठरू लागले. ज्येष्ठांना ते सुरुवातीला खटकले, कारण पाहुण्याने डबा घेऊन यावे हे त्यांच्या हिशेबात बसत नव्हते.

वाढदिवसाच्या केकची गोष्ट थोडी निराळी, कारण तिथे विधीचा प्रश्न येतो. औक्षण करताना दिवा ओवाळायचा आणि केकवरची मेणबत्ती मात्र फुंकून विझवायची, हा विरोध कित्येक घरांना खुपला. त्यांनी काढलेले मार्ग अजून दिसतात. पाटावर बसवून औक्षण आधी होते, केक नंतर टेबलावर येतो. काही घरी मेणबत्ती लावतात पण फुंकत नाहीत, काही घरी ती लावतच नाहीत.

अंड्याविषयीची अढी पुढे सैल झाली, आणि त्यातही पुण्याचा वाटा आहे: १९८२ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती पुण्याची, आणि रोज अंडी खा असे दूरचित्रवाणीवरून सांगणारी जाहिरातही तिचीच. तरीही बिनअंड्याचा केक मागे पडला नाही. उलट तो कसबी झाला. साखरेच्या नक्षीसाठी लागणारे रॉयल आयसिंग परंपरेने अंड्याच्या पांढऱ्यातून करतात. पुण्याच्या केक-कलाकार प्राची धबल देब यांनी अंडेविरहित रॉयल आयसिंगमध्ये मोठमोठ्या वास्तूंच्या प्रतिकृती उभारून नाव मिळवले. २०२० च्या टाळेबंदीत बेकऱ्या बंद असताना घरोघरी ओव्हन बाहेर निघाले, केळ्याचे केक झाले, आणि त्यांतल्या काहींनी नंतर रीतसर नोंदणी करून घरूनच मागणीप्रमाणे केक द्यायला सुरुवात केली. कोथरूड, सिंहगड रस्ता, औंध अशा भागांत आता जवळपास प्रत्येक सोसायटीत अशी एखादी तरी व्यक्ती असते. तिला फोन करणारे पुणेकर किंमत विचारण्याआधी दोन प्रश्न विचारतात: अंडे नाही ना, आणि आदल्या दिवशी आणून ठेवला तर चालेल ना.