रुईवरचा लाल, कपाशीवरचा लाल

परभणीहून मामेभावाचा फोटो आला. "दादा, लाल ढेकण्या पडलाय. कोणतं औषध मारू?" फोटो मोठा करून पाहिला. किडा लाल-काळा खरा, पण बसला होता बांधावरच्या रुईवर. तिथून तो कपाशीत उतरेल, या धास्तीनं गड्यानं पंपसुद्धा धुऊन ठेवला होता!

त्याला म्हटलं, थांब, दोन-चार किडे काडेपेटीत घालून घेऊन ये.

कपाशीचा लाल ढेकण्या म्हणजे डिसडर्कस. पेटीतून निघाला स्पायलोस्टेथस. स्वीडनच्या स्टॉल या कीटकशास्त्रज्ञानं १८६८ मध्ये ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, मांडली. ग्रीकमध्ये स्पायलॉस म्हणजे डाग, स्टेथॉस म्हणजे छाती. दोघंही सोंड खुपसून बिया शोषतात, पण त्यांची कुळं वेगळी आहेत. रंगावर गेलात की फसलात. यातल्या पँड्युरस या जातीला स्कोपोलीनं १७६३ मध्ये नाव दिलं होतं. तरी तिच्या आपल्याकडच्या रूपाला आपली कृषी पुस्तकं कितीतरी वर्षं मिलिटॅरिस म्हणत राहिली.

मग बघायचं काय? दहापट भिंग घ्या आणि डोकं बघा. दोन मोठ्या डोळ्यांच्या मध्ये, जरा मागे, काचेच्या मण्यासारखी दोन बारीक टिंबं चमकतात का? ते साधे डोळे. स्पायलोस्टेथसला ते असतात, लाल ढेकण्याला नसतात. आता पंख उचला. बुडाचा भाग चामड्यासारखा, टोकाला पातळ पापुद्रा. तो उजेडाकडे धरला की स्पायलोस्टेथसच्या पापुद्र्यात चार-पाचच शिरा दिसतात. ढेकण्याच्या शिरा पुष्कळ, आणि त्यांना फाटे फुटलेले. पोटावरची श्वासरंध्रंही तपासायची असतात. स्पायलोस्टेथसच्या कुळात दुसऱ्या ते सातव्या खंडाची सगळी रंध्रं पाठीच्या बाजूला असतात. कीटकशास्त्रज्ञ थॉमस हेन्री यांनी १९९७ मध्ये हे भलंमोठं कुळ फोडून त्याची अनेक कुळं केली, ती अशाच बारकाव्यांच्या जोरावर.

रंग का फसवतो? रुईच्या चिकात हृदयावर घाला घालणारी विषं असतात. हा किडा ती पचवतो आणि कातडीखाली साठवतो. एकदा तोंड कडू झालेलं पाखरू लाल-काळ्याच्या वाटेला पुन्हा जात नाही. मग ज्याला जीव वाचवायचा तो तोच रंग पांघरतो, नात्यातला असो वा नसो. शिरा मोजून कुणी पाखरू किडा खात नाही, त्यामुळे जुनं नातं शिरांत टिकून राहतं.

शनिवारी मारुतीला घातलेल्या रुईच्या माळेतून असा एखादा किडा निघाला की "देवाचा शेंदूर लागलाय, मारू नका" म्हणणारे भेटतात. मारू नका, हे बरोबर. शेंदराचं मात्र सोडा. तो रंग किड्याला रुईवर, देवळाबाहेरच लाभलेला असतो.

भावाला सांगितलं, पंप ठेवून दे. सूर्यफूल किंवा तीळ पेरलास तर यांच्यावर लक्ष ठेव, तिथं ते कधीकधी जातात. चार दिवसांनी दुसरा फोटो आला. उमललेलं बोंड, त्यावर लाल किडा, मानेवर पांढरी पट्टी. "आता हा कोणता?"

हा मात्र खराच लाल ढेकण्या होता.