तेनुगुई: दिसते एदोची, रंगाई मेइजीची

जपानची तेनुगुई म्हणजे साध्या विणीच्या सुती कापडाचा पट्टा, साधारण 35 सेंटिमीटर रुंद आणि 90 सेंटिमीटर लांब. आपल्या पंच्याचं धाकटं भावंड म्हणा. लांबीच्या बाजूंना मागावरच आलेली किनार असते, पण आडवी टोकं न शिवता दशांसकट मोकळी सोडतात. ही हयगय नव्हे. दुमड नसली की तिथे पाणी साचत नाही, कापड लवकर वाळतं, आणि अडीअडचणीला पट्टी फाडून जखमेवर बांधता येते.

आज हाताने रंगवलेली तेनुगुई विकताना एदो काळाचं (1603 ते 1868) नाव हमखास घेतलं जातं. कापडापुरतं ते बरोबर आहे. रंगाईची गोष्ट मात्र वेगळी आहे: ती त्यानंतरच्या मेइजी काळातली (1868 ते 1912).

जपानला कापूस उशिरा मिळाला. 799 मध्ये मिकावा प्रांताच्या किनाऱ्याला एक परदेशी तरुण छोट्या नावेतून वाहत आला, त्याच्याजवळ कापसाचं बी होतं, अशी दरबारी इतिहासात नोंद आहे. भाषा शिकल्यावर त्याने आपण ‘तेन्जिकु’चे, म्हणजे भारतातले, असं सांगितलं. पुढच्या वर्षी ते बी अनेक प्रांतांत पेरलं गेलं, पण पीक टिकलं नाही. सोळाव्या शतकात लागवड खरी रुजली. तोवर सामान्यांच्या अंगावर तागाच्या जातीचं जाडंभरडं कापड. एदो काळात शहरी लोकांच्या रेशमावर निर्बंध आले, मग हौस सुतावर भागू लागली. 1784 मध्ये लेखक-चित्रकार सांतो क्योदेन याने एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, तेनुगुईच्या नमुन्यांचं चक्क प्रदर्शन भरवलं आणि त्यावर चित्रांचं पुस्तकही काढलं. हात पुसायच्या फडक्याला एवढा मान!

त्या काळची नक्षीची रंगाई वेळखाऊ होती. साडेसहा मीटरच्या फळीवर कापड ताणायचं, कोरलेला कागदी साचा पुढे पुढे सरकवत खळ लावायची (खळ लागलेल्या जागी रंग धरत नाही), मग कापड उलटवून मागच्या बाजूलाही तीच नक्षी तंतोतंत जुळवायची. साचे बहुतेक इसे भागातल्या शिरोको आणि जिके या गावांतले. हातकागदाचे थर पर्सिमॉन फळाच्या तुरट रसाने चिकटवून, धूर देऊन टणक केलेले.

1887च्या सुमारास ओसाकात वेगळी युक्ती निघाली: चुसेन, म्हणजे रंग ओतून रंगवणं. आयात रासायनिक रंग हाताशी आले होते आणि मागणी वाढली होती. इथे कापड ताणत नाहीत, एका तेनुगुईच्या लांबीवर पुढे-मागे दुमडत जातात. प्रत्येक घडीवर साचा टेकवून लाकडी पट्टीने खळ ओढायची, साचा उचलायचा, कापड दुमडायचं, पुन्हा साचा. पंचवीस-तीस पदर झाले की गठ्ठा रंगाच्या मेजावर जातो. दोन रंग शेजारी हवे असतील तर कारागीर नक्षीभोवती खळीचाच बांध घालतो आणि बारीक चोचीच्या झारीने आत रंग सोडतो. मेजाखालून हवा ओढली जाते, तसा रंग सगळ्या पदरांतून खाली उतरतो. मग गठ्ठा उलटा करून पुन्हा तेच. दोन झाऱ्या एकदम धरून एका रंगातून दुसऱ्यात विरत जाणारी छटा साधणं हे खरं हातावरचं काम. रंग धाग्यात मुरतो, म्हणून कापडाला उलट-सुलट राहत नाही. शेवटी खळ धुऊन लांबच लांब तागे उंचावरून सोडून वाळवतात.

गंमत अशी की साधारण त्याच सुमारास, ओसाकाच्याच दक्षिणेला सानो गावात, जपानी बनावटीचा फुगीर धाग्यांचा टॉवेल विणायला सुरुवात झाली. त्यानेच पुढे तेनुगुईला न्हाणीघरातून हुसकावलं. तरी केन्दो, म्हणजे बांबूच्या तलवारीचा खेळ, खेळणारे शिरस्त्राणाखाली अजून तीच बांधतात. राकुगो, म्हणजे बसून रंगवायची विनोदी गोष्ट, सांगणाऱ्या कलावंताकडे पंखा आणि तेनुगुई एवढंच सामान असतं. ती कधी पत्र होते, कधी पाकीट, कधी तंबाखूची पिशवी. शिकाऊपण संपून बढती मिळाली की तो स्वतःच्या नक्षीची तेनुगुई काढतो आणि नववर्षाला बरोबरीच्या कलावंतांना वाटतो.

मला तरी चुसेनचं मोल तिच्या प्राचीनतेत दिसत नाही. घाईच्या काळात घाईसाठीच काढलेल्या पद्धतीतही हाताला एवढी जागा उरली, हे नवल. सरकारी हिशेबाने मात्र ती आता परंपरा आहे. 1974च्या जपानी कायद्यानुसार पारंपरिक हस्तकलेचा दर्जा मिळायला तंत्र ढोबळमानाने शंभर वर्षांचं असावं लागतं. ओसाकाच्या चुसेनला तो ‘नानिवा होन्झोमे’ या नावाने 2019 मध्ये मिळाला.