नकाशावरची लाल रेघ येते कुठून?

हिवाळी अधिवेशन सुरू झालं की बर्डीतून सिव्हिल लाइन्सकडे जायचं असलेला नागपूरकर घरूनच फोनवर नकाशा बघून निघतो. मॉरिस कॉलेज टी-पॉइंटजवळ रेघ लाल दिसली, की मोर्चा अडला असेल हे ओळखून दुसरा रस्ता धरतो. ती रेघ तिथं आधीच अडकलेल्या लोकांच्या खिशातल्या फोनमुळे लाल झालेली असते.

कमीत कमी वेळाचा मार्ग शोधण्याचं गणित जुनं आहे. डच संशोधक डाइक्स्ट्रा यांनी आपली रीत १९५९ साली प्रसिद्ध केली. अडलं होतं ते माहितीपाशी, कारण दोन चौकांमधलं अंतर बदलत नसलं तरी लागणारा वेळ सतत बदलतो. परदेशात त्यासाठी डांबराखाली तारेची वेटोळी पुरत. वरून गाडी गेली की नोंद होई. पण गावातला प्रत्येक रस्ता असा खोदणं कुणालाच परवडणारं नव्हतं.

वाट मोकळी केली ती मोबाइलनं. ८ फेब्रुवारी २००८ रोजी बर्कली विद्यापीठ आणि नोकियानं कॅलिफोर्नियातल्या एका महामार्गावर जीपीएसचे फोन ठेवलेल्या शंभर गाड्या फिरवल्या. रस्त्यावरच्या दोन-तीन टक्के वाहनांत असे फोन असले तरी वाहतुकीचा वेग कळतो, हे त्यातून दिसलं. पुढच्याच वर्षी गूगलनं वापरणाऱ्यांच्या फोनवरून निनावी वेग गोळा करायला सुरुवात केली. भारतात ही सोय २०१२ मध्ये आली. सुरुवातीच्या शहरांत मुंबई-पुणे होते, नागपूर नव्हतं. दुचाकींसाठी वेगळा मार्ग २०१७ च्या डिसेंबरात भारतातच पहिल्यांदा मिळाला, आणि ते योग्यच झालं: कार जिथं खोळंबते तिथून स्कूटी निघून जाते.

फोन वेग सांगतो, कारण सांगत नाही. नेहमीच्या दिवसांच्या नोंदींवरून पुढचा अंदाज बांधला जातो, पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते तेव्हा इतवारी-महालातले ते सगळे अंदाज कोलमडतात. कोणते रस्ते बंद राहणार, हे मात्र वाहतूक पोलीस आधीच जाहीर करतात. ती अधिसूचना पेपरात छापून थांबू नये, त्याच दिवशी नकाशातही चढावी. म्हणजे मेयो हॉस्पिटलकडे निघालेली अ‍ॅम्ब्युलन्स गर्दीच्या तोंडाशी जाऊन मागे फिरणार नाही, निघतानाच दुसऱ्या रस्त्याला लागेल.