शिबिरानंतर आणि शिबिरामुळे

दरवर्षी फेब्रुवारी-मार्चला माझ्या टेबलावर खानदेशातल्या शिक्षकांच्या कृतिसंशोधनाच्या (आपल्याच वर्गात उपाय करून त्याचा परिणाम मोजायच्या) फायली येऊन पडतात. ‘सर, जरा नजर टाका.’ त्यांत एक विषय हमखास असतो: शाळेतून मन उडालेल्या मुलांसाठी निवासी साहस शिबिर. ठिकाण तोरणमाळ, पाल, नाहीतर पाटणादेवी. दोन रात्री मुक्काम, दोरावरून कडा उतरणं, अंधारातली चाल, शेकोटी. शेवटच्या पानावरचं वाक्यही ठरलेलं: ‘शिबिरामुळे उपस्थितीत सार्थक (म्हणजे निव्वळ योगायोगाची वाटत नाही अशी) वाढ झाली.’ आकडे खरे असतात. त्या वाक्यातलं ‘मुळे’ कुठून आलं, ते मात्र फाईलभर शोधून सापडत नाही.

किरकोळ घोळ आधी उरकतो. सहल म्हणजे शिबिर नव्हे. वणी-शिर्डी करून रात्री परत आणलेल्या मुलांच्या नावापुढे ‘साहस’ लिहू नका. गळती आणि मन उडणं हेही एक नव्हे. गळालेला शाळेत दिसत नाही. मन उडालेला पटावर असतो, कधीकधी रोज वर्गातही असतो, फक्त खिडकीबाहेर बघत. ‘सर, शाळामा मन लागत नही’ असं तोंडावर सांगणारा त्यातल्या त्यात बरा. २००४ मधल्या एका गाजलेल्या आढाव्यापासून अभ्यासक याचे तीन पदर धरतात: येणं-वागणं, शाळेबद्दल वाटणं आणि अभ्यासात डोकं घालणं. हजेरीपट यातला पहिलाच मोजतो, तोही अर्धामुर्धा. पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, त्यांच्या सरासरीतला फरक तपासणारं टी-मूल्य हे तुम्हा सगळ्यांना पाठ आहे, त्यात मी वेळ घालवत नाही. त्यातून ‘शिबिरानंतर’ काय झालं ते कळतं. बास, तेवढंच कळतं.

गोम आहे निवडीत. मुलं निवडली कधी? ‘नोव्हेंबरमध्ये उपस्थिती निम्म्याहून कमी असलेले विद्यार्थी.’ आता नोव्हेंबरात आठवी-नववीचे बाक रिकामे का असतात, हे मी खानदेशातल्या शिक्षकाला सांगायचं? कपाशी फुटलेली असते. दिवाळीच्या सुटीत वेचणीला लागलेलं पोर सुटी संपली तरी शेतातच असतं, कारण मजूर मिळत नाही आणि मिळाला तर परवडत नाही. जानेवारीत पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, उपटल्या की शेतातलं काम सरतं आणि पोरगं वर्गात येतं. तुमचं शिबिर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, उत्तरमोजणी फेब्रुवारीत. मग हजेरी कोणी वाढवली, तोरणमाळच्या कड्याने की उपटलेल्या पऱ्हाट्यांनी?

नंदुरबारच्या अक्राणी-अक्कलकुवा या आदिवासी तालुक्यांकडे नेमकं उलटं होईल. तिकडे मोजणी होळीच्या आठवड्यात धरली, तर जगातलं सर्वांत उत्तम शिबिरही साफ फसलेलं दिसेल. होळीचा भोंगऱ्या बाजार, म्हणजे आदिवासींची जत्राच, सोडून कोणतं पोर वर्गात बसेल?

बरं, हंगाम बाजूला ठेवा. कपाशी नाही, होळी नाही, तरीही घोळ उरतोच आणि हा जास्त चकवणारा. रावेर-यावलच्या केळीवाल्याला तो चटकन कळेल. भाव तळाला गेला त्या दिवशी त्याने मारुतीला नारळ फोडला आणि पंधरा दिवसांनी भाव चढला. तेजीत असा नारळ कोणी फोडत नाही, तो तळाला गेल्यावरच फुटतो. आणि तळावरून भाव बहुतेक वेळा वरच जाणार असतो. मुलांचंही तसंच. ज्यांचा महिना सर्वांत वाईट गेला तीच तुम्ही वेचून काढता. कोणाला त्या महिन्यात ताप होता, कोणाच्या घरी लग्न होतं, कोणाचं सरांशी वाजलं होतं. पुढच्या महिन्यात यातलं बरंचसं आपोआप निवळतं. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनने १८८६ साली आईबापांच्या आणि मुलांच्या उंचीवरून हे मांडलं: फार उंच जोडप्यांची मुलं सरासरीने त्यांच्याहून बुटकी निघतात. टोकाचं मोजमाप पुन्हा घेतलं की मधल्या बाजूला सरकतं. टी-मूल्याला हे दिसत नाही. ते फक्त सांगतं की फरक आहे. कशाने आहे, हे त्याला विचारून काय उपयोग?

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. पहिला अहवाल मीही असाच लिहिला होता. नववीतला एक मुलगा नोव्हेंबरात १६ पैकी ६ दिवस हजर होता. शिबिरात त्याने कमरेच्या दोराची गाठ तीनदा सोडून पुन्हा बांधली, मागे उभ्या असलेल्या मुलीचीही ओढून पाहिली, मगच कड्याशी गेला. वर्गात वही न उघडणारं हेच पोर का, असं वाटलं. फेब्रुवारीत तो २३ पैकी २० दिवस आला. त्याच्यावर मी दीड पान लिहिलं. पुढे सहज हजेरीपट चाळताना त्याच वर्गातला त्याचा चुलतभाऊ दिसला. पैसे भरले नाहीत म्हणून तो शिबिराला आलाच नव्हता. नोव्हेंबर ५, फेब्रुवारी १९. दोघांचं शेत एकच.

गाठ बांधतानाचा तो मुलगा खोटा नव्हता. माझं दीड पान खोटं होतं.

तेव्हा ‘मुळे’ लिहायचं असेल तर चुलतभाऊ लागतोच. पण तो कसाही धरून चालत नाही. ‘गेलेले’ विरुद्ध ‘न गेलेले’ ही तुलना मला अजिबात मान्य नाही. ज्याच्या बापाने संमतिपत्रावर सही केली आणि पैसे दिले, त्याच्या घरी शाळेची थोडी तरी चाड आहे. तो न जाताही सुधारला असता. आधी यादी करा, आधी संमती घ्या, मग स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाका. निम्मे जानेवारीत जातील, निम्मे पुढच्या वर्षी, दिवाळीनंतरची मोजणी झाल्यावर. मुख्याध्यापक म्हणतील, राहिलेल्यांवर अन्याय होतो. पण एका एसटीत मावतील तेवढीच मुलं नाहीतरी जाणार असतात. आज ती वर्गशिक्षकांच्या मर्जीने ठरतात, उद्या चिठ्ठीने ठरतील. मोजणी दोन्ही गटांची एकाच आठवड्यात करा आणि दिवाळीनंतर पुन्हा करा.

जमलं तर राहिलेल्या मुलांनाही तीन दिवस शाळेतच वेगळं काही द्या, व्हॉलीबॉल द्या, विहिरीचं मोजमाप द्या. कारण सरांनी नाव घेऊन बोलावलं, एकत्र जेवले, एवढ्यानेही पोर खुलतं. ते श्रेय कड्याला कशाला? आश्रमशाळेत तर ‘निवासी’ या शब्दात नवलच नाही, मूल बारा महिने तेच करतं. सातपुड्यात वाढलेल्याला डोंगर चढवणं हे साहस आहे की घरी नेणं, हेही विचारायला हवं.

मग शिबिरं निरुपयोगी का? तसं मी म्हणत नाही. शिक्षण-संशोधक जॉन हॅटी आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये साहस कार्यक्रमांवरच्या ९६ अभ्यासांची एकत्र मांडणी केली. लगेचचा परिणाम (प्रमाण विचलनाच्या मापात) मध्यम म्हणावा असा ०.३४ निघाला, आणि पुढच्या मोजणीत तो विरण्याऐवजी आणखी ०.१७ ने वाढला. आशा वाटावी असंच हे आहे. पण त्यातले बरेच अभ्यास आपल्यासारखेच ‘आधी-नंतर’चे होते, आणि वीस दिवसांहून लांब कार्यक्रम अधिक परिणामकारक ठरले होते. तुमच्या दोन रात्रींना तो आकडा चिकटवू नका. शिक्षणातले उपाय पुराव्यावर तपासणारं इंग्लंडचं एज्युकेशन एन्डाउमेंट फाउंडेशन शालेय प्रगतीपुरतं स्पष्टच म्हणतं की निष्कर्ष काढायला पुरावा अपुरा आहे.

तोवर ‘शिबिरानंतर उपस्थिती वाढली’ असं लिहा. वाक्य खरं आहे, त्यात कमीपणा नाही. परतीच्या बसमध्ये भरून घेतलेले ‘खूप आवडले’चे अभिप्राय आणि शेकोटीचे फोटो परिशिष्टात टाका. मुखपृष्ठावर नको, तिथे आधीच तीन अक्षरवळणं वापरलेली असतात.