टेलपर्यंत न पोचलेले पाणी: महाराष्ट्रातील सिंचन योजनांवरच्या अविश्वासाची पार्श्वभूमी

‘सरकारी काम, सहा महिने थांब’ ही म्हण मराठी मुलखात शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. मात्र राज्यातील ज्या कामावर सर्वांत जास्त पैसा आणि सर्वांत जास्त आशा लागली, त्या सिंचनाच्या बाबतीत हे थांबणे सहा महिन्यांचे राहिलेले नाही. काही ठिकाणी आजोबांनी पाहिलेल्या आखणीच्या खुणा नातवाच्या शेतात अजून तशाच आहेत. कालव्याच्या शेवटच्या टोकाला गावोगावी ‘टेल’ म्हणतात. त्या टेलचा शेतकरी नव्या प्रकल्पाची घोषणा ऐकून गप्प राहिला, तर त्याला विकासाचे महत्त्व कळत नाही असा निष्कर्ष काढला जातो. तो निष्कर्ष अन्यायाचा आहे, कारण त्या गप्प राहण्यामागे मोठा इतिहास आहे.

हा इतिहास १९६० पासून सुरू होत नाही. मुंबई इलाख्यात पाटबंधाऱ्यांचा कायदा झाला तो १८७९ साली. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, १८८३ मध्ये, महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये पाटबंधारे खात्याच्या कारभारावर कोरडे ओढले. सरकार पाण्याचा पैसा घेते, पण पाणी वेळेवर आणि पुरेसे मिळेल याची जबाबदारी खात्यातील कोणीच घेत नाही, हा त्यांच्या तक्रारीचा गाभा होता. प्रत्येक शेतकऱ्याला त्याच्या हिश्शाप्रमाणे पाणी मिळावे म्हणून तोटी बसवावी, असा उपायही त्यांनी सुचवला होता. धुळे भागात पांझरेच्या काठावर त्याच्याही आधीपासून फड पद्धती, म्हणजे शेतजमिनीचे फड पाडून त्यांना आळीपाळीने पाणी देण्याची रीत, चालत होती. तेथे बंधाऱ्याचे पाणी कोणत्या फडाला कधी द्यायचे हे शेतकरी स्वतः ठरवत आणि त्यासाठी लागणारे पाटकरी, जागले, हवालदार हेही तेच नेमत. पाण्याची सामूहिक व्यवस्था या मातीला नवी नव्हती. नवे होते ते पाण्याचा मालक दूरच्या कचेरीत बसलेला असणे.

तरीही राज्य स्थापनेनंतरची पहिली दोन दशके अविश्वासाची होती असे म्हणता येणार नाही. स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखालील सिंचन आयोगाचा अहवाल १९६२ मध्ये आला आणि धरणांचा मोठा कार्यक्रम उभा राहिला. १९७२-७३ च्या दुष्काळात तर शासनाने जे केले ते आजही आदराने सांगावे असे आहे. ऐन उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती. याच अनुभवातून, आणि वि. स. पागे यांनी त्याआधी सांगली जिल्ह्यात केलेल्या प्रयोगातून, रोजगार हमी कायद्याने बांधली गेली. खडी फोडून आणि पाझर तलावाची माती वाहून ज्यांनी ते वर्ष काढले, त्या पिढीच्या मनात सरकारविषयी कृतज्ञता होती. म्हणून सरकारी योजनांविषयी नाराजी हा लोकांचा स्वभावच आहे, हे स्पष्टीकरण मला पटत नाही. लोकांनी विश्वास ठेवला होता, आणि तो पुढे टप्प्याटप्प्याने झिजला.

झिजण्याचे पहिले कारण मोजमापात आहे. प्रकल्पाचे यश ‘निर्मित सिंचन क्षमता’ या आकड्यात मोजले जाते. धरणात अमुक पाणी साठले, कालवा तमुक किलोमीटर खोदला, म्हणजे इतके हेक्टर भिजू शकतील असा तो हिशेब असतो. प्रत्यक्षात किती भिजले, हा वेगळा आकडा असतो आणि तो बहुतेक वेळा बराच खाली राहतो. जलाशयात गाळ येतो, शहरांची आणि उद्योगांची मागणी वाढते, वरच्या भागात ऊस उभा राहतो आणि पोटचाऱ्या, म्हणजे शेतापर्यंत पाणी नेणाऱ्या लहान चाऱ्या, अर्धवट राहतात. कालव्याला पाण्याची पाळी सुटली की पाणी वरच्या गावांतच संपते. खालच्या गावाच्या सातबाऱ्यावर ‘लाभक्षेत्र’ असा शेरा असतो, त्यामुळे जमीन विकताना अडचण येते. मात्र चारीत पाणी नसते. कागदावर बागायतदार आणि बांधावर कोरडवाहू, अशा दुहेरी ओळखीत हजारो कुटुंबे जगली आहेत. कायद्याच्या बाजूनेही असेच अर्धवटपण राहिले. १८७९ च्या जागी १९७६ चा महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम आला, पण त्याखालचे नियम अनेक दशके तयारच झाले नाहीत आणि कालव्यांचा कारभार १९३४ च्या मुंबई कालवा नियमांवर चालत राहिला.

दुसरे कारण घाईचे आहे. कृष्णा पाणी तंटा लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, १९७६ च्या अंतिम निवाड्यात महाराष्ट्राला ५६० अब्ज घनफूट पाणी दिले आणि ३१ मे २००० नंतर वाटपाचा पुनर्विचार होऊ शकेल असे म्हटले. त्या तारखेआधी पाणी अडवले नाही तर हक्क जाईल, ही भीती खरी होती. म्हणून १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले आणि चढ्या व्याजाचे रोखे काढून पैसा उभारण्यात आला. पाठोपाठ विदर्भ, तापी, कोकण आणि गोदावरी मराठवाडा अशी आणखी चार महामंडळे आली. उद्देश चुकीचा नव्हता. परंतु पैसा आला तो एकाच वेळी असंख्य कामांवर पसरला. प्रत्येक तालुक्याला धरण, प्रत्येक आमदाराला फोडायला नारळ, आणि कोणत्याच कामाला पूर्ण निधी नाही, अशी अवस्था झाली. काम लांबले की दर वाढतात, दर वाढले की ‘सुप्रमा’ लागते, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता, आणि ती मिळेपर्यंत काम आणखी लांबते. हा फेरा एकदा सुरू झाला की तो थांबवण्यात कोणाचेच तातडीचे हित उरत नाही. दांडेकर समितीने १९८४ मध्ये मोजून दाखवलेला सिंचनाचा अनुशेष, म्हणजे इतर भागांच्या तुलनेत राहिलेली तूट, ज्या भागांत होता, तेथे याची झळ सर्वांत जास्त बसली.

भंडारा जिल्ह्यात पवनी तालुक्यात वैनगंगेवर असलेला गोसीखुर्द प्रकल्प याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. १९८३ मध्ये त्याची मूळ किंमत ३७२ कोटी रुपये होती. २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते भूमिपूजन झाले. सुमारे अडीच लाख हेक्टर सिंचनाचे स्वप्न दाखवणारा हा प्रकल्प पुढे राष्ट्रीय प्रकल्प ठरला आणि त्याची सुधारित किंमत १८ हजार कोटींच्या पुढे गेली. गावे उठली, पुनर्वसनाच्या वसाहतींत नागरी सुविधांसाठी आंदोलने झाली, धरणाची भिंत पूर्ण झाली, पण कालवे आणि वितरिकांची कामे मागे राहिली. ज्यांनी जमीन दिली त्यांना आधी पाणी दिसले ते बुडिताचे. याच विदर्भात २००९ मध्ये काही महिन्यांत ३८ प्रकल्पांची एकत्रित किंमत ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर नेणाऱ्या मान्यता दिल्या गेल्या. हे आकडे लोकांपर्यंत पोचले, तेव्हा दिरंगाईबद्दलची जुनी कुरकुर संशयात बदलली.

मग २०१२ उजाडले. राज्याच्या आर्थिक पाहणीत सिंचित क्षेत्राचे प्रमाण २०००-०१ मधील १७.८ टक्क्यांवरून २००९-१० मध्ये १७.९ टक्क्यांवर आल्याचे दिसले. दशकभरात सुमारे ७० हजार कोटींचा खर्च आणि वाढ ०.१ टक्का, ही जोडी सर्वतोमुखी झाली. खरे तर ही तुलना तितकी सरळ नव्हती. तो आकडा कृषी विभागाकडचा होता आणि त्यात विहिरींवरचे सिंचनही येत होते. शिवाय खर्चातला मोठा भाग अपूर्ण कामांत अडकलेला होता. तथापि दोन खात्यांचे आकडे जुळत नाहीत आणि खरा आकडा कोणता हे कोणी ठामपणे सांगू शकत नाही, हीच बाब लोकांच्या दृष्टीने अधिक गंभीर होती. जलसंपदा विभागातील मुख्य अभियंता विजय पांढरे यांच्या पत्रांनी कामांच्या दर्जावर आणि किमतींवर प्रश्न उभे केले. उपमुख्यमंत्री अजित पवार यांचा राजीनामा, नोव्हेंबरमधील श्वेतपत्रिका, डिसेंबरमध्ये त्याच उपमुख्यमंत्र्यांचे पुनरागमन आणि डॉ. माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली तपास पथक, असा घटनाक्रम झाला. ज्या चितळ्यांनी दुसऱ्या सिंचन आयोगाचे अध्यक्ष म्हणून १९९९ मध्ये राज्याला पाण्याच्या नियोजनाचा सविस्तर आराखडा दिला होता, त्यांनाच दीड दशकानंतर काय चुकले हे तपासण्यासाठी बोलावावे लागले, याची खंत वाटते. दरम्यान आर्थिक पाहणीतील सिंचित क्षेत्राच्या टक्केवारीचा रकाना पुढची अनेक वर्षे ‘उपलब्ध नाही’ या शब्दांनी भरला जात राहिला. आकडा चुकीचा असेल तर दुरुस्त करता येतो, पण आकडाच दिला नाही तर वाचणारा वाईटात वाईट तेच धरून चालतो.

या सगळ्यात एक वेगळी वाट नाशिक जिल्ह्यात दिसली. वाघाड प्रकल्पाच्या उजव्या कालव्याच्या टेलला असलेल्या ओझरच्या शेतकऱ्यांना पाणी मिळत नव्हते. बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी पाणी वापर संस्था काढल्या. त्यांतील एकीला महात्मा फुल्यांचे नाव आहे. खात्याकडून पाणी घनमापाने मोजून घ्यायचे, आत त्याचे वाटप स्वतः करायचे आणि पाणीपट्टी स्वतः गोळा करून भरायची, असा तो करार होता. हळूहळू संपूर्ण प्रकल्पावर चोवीस संस्था उभ्या राहिल्या. राज्याने २००५ मध्ये सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदा केला, त्यामागे या अनुभवाचा मोठा वाटा होता. मात्र देशातील मोठ्या धरणांपैकी एक तृतीयांशाहून अधिक धरणे ज्या राज्यात आहेत, तेथे वाघाडसारखी उदाहरणे आजही बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. अनेक ठिकाणी संस्था नोंदल्या गेल्या, पण त्यांना मोजून पाणी द्यायला मोजणी यंत्रे आणि दुरुस्त चाऱ्याच नव्हत्या.

२०१४ च्या अखेरीस आलेल्या जलयुक्त शिवार अभियानाने मोठ्या धरणांऐवजी गावातल्या नाल्याकडे लक्ष वळवले. अनेक गावांनी स्वतः वर्गणी काढून त्यात भाग घेतला, हे विसरता कामा नये. पण २०१९ पर्यंत राज्य टंचाईमुक्त करण्याचे ध्येय होते आणि त्याच उन्हाळ्यात टँकर धावत होते. सुमारे ९,६३४ कोटी रुपये खर्चूनही भूजल पातळी वाढवण्यावर फारसा परिणाम झाला नाही, असे महालेखापरीक्षकांच्या २०२० मध्ये मांडलेल्या अहवालात म्हटले गेले. अभियानाचा दुसरा टप्पा त्यानंतर सुरू झाला आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वैनगंगा–नळगंगा नदीजोड प्रकल्पाला मान्यता दिली. विदर्भाच्या पूर्व टोकाचे पाणी सव्वाचारशे किलोमीटरहून लांब कालव्याने बुलढाण्यापर्यंत नेण्याची ही योजना असून तिची किंमत ८५ हजार कोटींहून अधिक आहे. या कालव्यात पाणी सोडले जाणार आहे ते गोसीखुर्दच्या जलाशयातून.