स्वतः पुस्तक काढणं वेगळं, पैसे भरून काढून घेणं वेगळं

आमचे मामा एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी सगळ्या ड्युटीचं लिहून काढलं, चार फुलस्केप वह्या भरल्या आणि 2019 ला त्याचं पुस्तक आलं. घरोघर पेढे वाटले. "मी सेल्फ पब्लिश केलं" असं ते अजूनही सांगतात, आणि मी काही त्यांना तोंडावर बोललो नाही, पण मामा, ते सेल्फ पब्लिश नव्हतं हो. एका प्रकाशनाने तुमच्याकडून 45,000 रुपये घेऊन ते काढलं होतं.

दोन्हीकडे पैसे लेखकाच्याच खिशातून जातात म्हणून लोकांना ते एकच वाटतं. आणि पैसे घेऊन पुस्तक छापून द्यायची पॅकेज विकणारे मुद्दाम तसंच वाटू देतात, जाहिरातीत "स्वतःचं पुस्तक स्वतः प्रकाशित करा" लिहायचं आणि खाली सिल्व्हर गोल्ड प्लॅटिनम असे रेट टाकायचे, जणू मंगल कार्यालय बुक करतोय.

ओळखायची माझी एकच खूण आहे, छापखान्याचं बिल कोणाच्या नावावर फाटलं? तुमच्या नावावर असेल तर तुम्ही प्रकाशक. नसेल तर तुम्ही गिऱ्हाईक, मुखपृष्ठावर तुमचं नाव कितीही मोठं असू दे.

स्वतः काढायचं म्हणजे अक्षरजुळणीवाला वेगळा, मुद्रितशोधन करणारा वेगळा, मुखपृष्ठ करणारा वेगळा, प्रत्येकाशी घासाघीस आपणच करायची. मग छापखान्यात जाऊन पुस्तकाचा आकार (डेमी साइज वगैरे), कागद नॅचरल शेडचा म्हणजे पिवळसर की पांढरा, आणि किती जीएसएमचा म्हणजे किती जाड, हे बघायचं. 160 पानं म्हणजे 16 पानांचे 10 फर्मे, हा हिशोब एकदा डोक्यात बसला की कोणी उगाच पानं वाढवून गंडवत नाही. ऑफसेटला, म्हणजे मोठ्या संख्येच्या छपाईला, आधी पानांच्या प्लेटा कराव्या लागतात, तो खर्च 100 प्रती काढा नाहीतर 1,000 काढा तेवढाच, म्हणून कमी प्रतींना ऑफसेट परवडत नाही. 50-100 प्रती हव्या असतील तर डिजिटल छपाई, दर प्रतीला जरा महाग पण कॉटखाली पेट्या साठत नाहीत. वैताग आहे खरा, पण शेवटी छापलेली प्रत न प्रत तुमची, टाइप केलेली फाइल तुमची, मुखपृष्ठाची फाइलपण तुमची (ही मागून घ्या हं, लोक विसरतात आणि दुसऱ्या आवृत्तीला परत पैसे मोजतात).

पॅकेजमधे हा वैताग नसतो. तुम्ही वह्या द्यायच्या, चेक द्यायचा आणि समारंभाची तारीख धरायची. मामांना 500 प्रतींची आवृत्ती सांगितली, 100 घरी आल्या, उरलेल्या "आमच्याकडे विक्रीला". वर्षाने पत्र आलं की विक्री झाली नाही, 60 प्रती पडून आहेत, हव्या असतील तर निम्म्या किमतीत घेऊन जा. म्हणजे ज्या छापायला मामांनी पैसे दिले त्याच परत विकत घ्यायच्या! बरं 100 आणि 60 झाल्या 160, विकल्या नाहीत म्हणता, मग बाकीच्या 340 कुठायत? छापल्या होत्या का मुळात? लेखकाला कळायला काही मार्गच नाही कारण परत तेच, बिल त्याच्या नावावर नाही.

आयएसबीएनचं तर फार फॅड आहे. पॅकेजच्या यादीत "आयएसबीएन नंबरसह" असं ठळक लिहितात आणि लेखकाला वाटतं सरकारने पुस्तक मंजूर केलं. तसं काही नसतं. तो 13 आकडी ओळखनंबर आहे, दुकानदाराला आणि लायब्ररीला पुस्तक शोधायला सोपं जावं म्हणून. भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून मिळतो, ऑनलाइन अर्ज करायचा, फी शून्य, आणि लेखक स्वतःच प्रकाशक असेल तर त्यालाही मिळतो. पॅकेजमधे तो प्रकाशनाच्या नावावर असतो. त्यामुळे उद्या तुम्ही तेच पुस्तक स्वतः काढलंत तर नवीन नंबर घ्यावा लागतो.

आणि आयएसबीएन म्हणजे कॉपीराइट नव्हे. कॉपीराइट तुम्ही लिहिलंत तेव्हाच तुमचा झाला, 1957 च्या कायद्याप्रमाणे नोंदणी सक्तीची नाही, लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं तो टिकतो. जातो कधी, तर तुम्ही सही करून दिलात की. मामांच्या करारात एक ओळ होती, सर्व हक्क प्रकाशकाकडे राहतील, आणि मामांनी समारंभाच्या गडबडीत सही ठोकली. नशीब एवढंच की करार लिहिणाऱ्यानेपण घाई केलेली, मुदत लिहिलीच नव्हती. कायद्यात कलम 19 आहे, हक्क लिहून देताना मुदत घातली नसेल तर ती 5 वर्षं धरायची, आणि कुठल्या प्रदेशापुरते ते लिहिलं नसेल तर भारतापुरते. म्हणजे 2024 मधे मामांचं पुस्तक परत मामांचं झालं. त्यांना हे माहीतच नव्हतं, मी सांगितलं तेव्हा आधी विश्वासच बसला नाही.

स्वतः प्रकाशक होण्यात एक कर्तव्यपण येतं बरं का. 1954 चा कायदा आहे, प्रकाशकाने पुस्तक निघाल्यापासून 30 दिवसात एक प्रत कोलकात्याच्या नॅशनल लायब्ररीला आणि एकेक मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या लायब्ररीला स्वखर्चाने पाठवायची. चार प्रतींचा खर्च आहे, पण कंडक्टरचं पुस्तक कोलकात्याच्या नॅशनल लायब्ररीत पोचतं ही काय छोटी गोष्ट आहे का.

आता खरा गुंता. छपाई कशीही करा, वाचक दोन्हीकडे आपोआप येत नाही. छापून घेणं आता कोणालाही जमतं, पेटीतून पुस्तक वाचकाच्या हातात कसं जाणार हाच सगळा प्रश्न आहे, आणि पॅकेजवाला नेमकं तेच करत नाही, फक्त "वितरण समाविष्ट" असं लिहितो. तिथे विचारायचं की पुण्याला अप्पा बळवंत चौकात कुठल्या दुकानात ठेवणार, दादरला कुठे, साहित्य संमेलनात स्टॉल आहे का? बहुतेक वेळा वितरण म्हणजे ऑनलाइन एक पान उघडून ठेवलेलं असतं.

स्वतः काढणाऱ्यालाही दुकानं सोपी नाहीत. दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, किती टक्के सूट? समजा 200 रुपयांचं पुस्तक आणि 40 टक्के सूट दिली, 120 हातात येतात, त्यातून छपाई आणि कुरिअर वजा करा. परत माल विक्री-परत तत्त्वावर, म्हणजे न खपलेला माल तुमच्याकडे परत, पैसे विकल्यावर, तेही चार चकरा मारल्यावर. प्रस्थापित प्रकाशकाकडे हीच कटकट तो सोसतो आणि लेखकाला 10 टक्क्यांच्या आसपास मानधन देतो. 500 प्रती खपल्या तर 10,000 रुपये, म्हणजे श्रीमंत कोणी होत नाही, पण खिशातून काही जात नाही. मधला एक प्रकारही चालतो, चांगले प्रकाशकसुद्धा नवीन लेखकाला म्हणतात की 100-200 प्रती तुम्ही विकत घ्या. ती मला फसवणूक वाटत नाही. आकडा आधी सांगितला, पुस्तक निवडून घेतलं, आणि उरलेला धोका त्याचा, तर हरकत काय. न वाचता "छान आहे, छापू" म्हणणारा मात्र संशयास्पदच.

बहिणाबाईंचं उदाहरण सगळे देतात की बघा, गाणी किती वर्षं घरातच होती. पण 1952 ला पुस्तक आलं ते त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी गाणी जपून ठेवली आणि आचार्य अत्र्यांनी ती उचलून धरली, प्रस्तावना लिहिली म्हणून. अत्र्यांचं वजन कुठल्याच प्लॅटिनम पॅकेजमधे मिळत नाही.

ई-बुकला छपाईच नाही त्यामुळे तिथे पॅकेज घ्यायचं कारणच उरत नाही. अॅमेझॉनच्या किंडलवर मराठी पुस्तक स्वतः चढवता येतं, फुकट. फक्त एक अट वाचून घ्या, भारतातल्या विक्रीवर 70 टक्के रॉयल्टी हवी असेल तर त्यांच्या सिलेक्ट योजनेत जावं लागतं, आणि त्यात दर 90 दिवसांच्या मुदतीत ते ई-बुक दुसरीकडे कुठेच ठेवता येत नाही. नाहीतर 35 टक्के.

मामांनी आता स्वतःच दुसरी आवृत्ती काढायची ठरवलीय. फाइल मागितली तर त्या प्रकाशनाकडून उत्तर नाही, म्हणून भाची वह्यांवरून परत टाइप करतेय. तीन छापखान्यांचं कोटेशन आलंय, 100 प्रती, डिजिटल. आणि पेट्या घरी आल्या की पावतीवर सही करायच्या आधी मामा प्रती स्वतः मोजणारेत. आयुष्यभर तिकिटं मोजलेला माणूस तो, पहिल्या वेळी कसा विसरला देव जाणे.