नाला नव्हे, बाटली साक्ष देते

नाल्याचं पाणी लालभडक झालं, मासे मरून वर आले, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे लोक येऊन पाण्याच्या नमुन्याच्या बाटल्या भरून गेले. मग कारवाई कुठे अडली? पुष्कळदा ती त्या बाटल्यांपाशीच अडलेली असते.

१९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचं कलम २१ फार काटेकोर आहे. सांडपाण्याचा नमुना तपासणीसाठी घेत असल्याची नोटीस कारखान्याला तिथल्या तिथे द्यायची. त्यांच्या माणसासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, सील ठोकायचं, दोघांनी सह्या करायच्या. एक भाग मंडळाच्या प्रयोगशाळेकडे जातो. कारखान्याने मागणी केली तर दुसरा राज्याच्या प्रयोगशाळेकडे. ही पद्धत पाळली नाही, तर अहवाल कितीही भयंकर असो, तो कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. कारखान्याचा माणूस मुद्दाम गायब झाला तर मात्र अधिकाऱ्याच्या एकट्याच्या सहीने काम भागतं.

हे झालं कागदाचं. पाण्याचं गणित त्याहून नाजूक आहे. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण खाताना जिवाणू किती प्राणवायू वापरतात त्याचं माप. चाचणी २७ अंशांवर ३ दिवस चालते. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्याला सर्वसाधारण मर्यादा लिटरमागे ३० मिलिग्रॅम. पण जिवाणू प्रयोगशाळेची वाट बघत थांबत नाहीत. बाटली दुपारभर तापलेल्या जीपमध्ये राहिली, की वाटेतच ते बरीच घाण फस्त करतात, आकडा खाली येतो आणि फायदा कारखान्याचा होतो. म्हणून ही बाटली बर्फात, ४ अंशांच्या आसपास ठेवतात. सीओडी म्हणजे तीच घाण रसायनाने जाळायला किती प्राणवायू लागतो त्याचं माप; त्याच्या बाटलीत गंधकाम्ल घालतात. जड धातूंच्या बाटलीत नत्राम्ल, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीलाच चिकटून बसतात. पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी आहे ते, जागेवरच मोजलेला बरा.

२०२४ च्या दुरुस्तीने, ती स्वीकारलेल्या राज्यांत, दूषित पाणी सोडण्याबद्दलची दीड ते सहा वर्षांची कैद जाऊन १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आला. मोठ्या कंपनीला १५ लाख म्हणजे किरकोळ खर्च, असं माझं स्पष्ट मत आहे. खरी जरब कलम ३३अ मध्ये आहे: कारखाना बंद करण्याचा, वीज-पाणी तोडण्याचा आदेश.

मंडळ हललंच नाही, तर ६० दिवसांची नोटीस देऊन कुणीही नागरिक स्वतः कोर्टात तक्रार करू शकतो. अशा तक्रारदाराने मागितले, तर मंडळाला आपल्याकडचे संबंधित अहवाल द्यावे लागतात. सार्वजनिक हिताला बाध येत असेल तरच ते नाकारता येतात.